चपलांचं वजन

समस्त आप्तेष्ट, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी आणि आमच्याकडे जेवायला येऊन पान वाढायच्या आतच घड्याळ बघणारे सर्व स्नेही यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जर्मनीतील त्सुफेनहाउझेन येथील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घराच्या दाराबाहेर सुमारे वर्षभर एक भूत वास्तव्यास होते. भूत पुरुषाचे होते. त्यास नऊ नंबरची चप्पल होत असे. भूत सुशिक्षित व निर्व्यसनी असून इथल्या सक्तीच्या शांततेच्या वेळेत त्याने कधीही आवाज केला नाही. मात्र त्याने आनमेल्डुंग केलेले नव्हते. या देशात राहायला आलेल्या प्रत्येकाने सरकारी कचेरीत जाऊन आपला पत्ता नोंदवायचा असतो. ते न करणे हा इथे मेलेले असण्यापेक्षा गंभीर प्रकार समजला जातो.

घोषणा संपली. आता पाय वर घेऊन बसा.

भूत हा शब्द माझा. मंडळाच्या नाटकांतून मी राण्या केल्या, मोलकरणी केल्या, एकदा दाढी लावून न्यायाधीशही केला; मला साधं बोलताच येत नाही. सासूबाईंनी हा शब्द कधी उच्चारला नाही. त्या एवढंच म्हणायच्या, “हे यायचेत अजून.”

हे म्हणजे माझे सासरे. पुण्यात एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली, रुग्णवाहिका आली, दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. दारातून बाहेर नेताना त्यांनी हात जरासा वर केला आणि म्हणाले, “येतो गं.” सासूबाई म्हणाल्या, “या.” दोघंही सवयीने बोलले. आपल्यात घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. पोर शाळेला निघताना चुकून ‘जाते’ म्हणालं तर त्याला जिन्यातून परत बोलावून ‘येते म्हण’ असं सांगतात आणि मगच सोडतात. तर सासरे येतो म्हणाले, आणि आले नाहीत. त्यांच्या चपला दारात होत्या तशाच राहिल्या. स्ट्रेचरवरच्या माणसाला चपला कोण घालतो?

पुढचे विधी सगळे झाले. सासूबाई त्यात दुसऱ्याच कुणाच्या घरी आल्यासारख्या बसून होत्या. मग आम्ही त्यांना जर्मनीला घेऊन आलो. आमच्याकडे पोचल्यावर त्यांनी बॅग उघडली ती फक्त एक पिशवी काढण्यापुरती. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सासऱ्यांच्या चपला होत्या: तपकिरी, कातडी, अंगठ्याच्या, टाचेशी झिजून एका बाजूला कललेल्या. त्या त्यांनी आमच्या दाराबाहेर पायपुसण्याशेजारी मांडल्या, तोंड आत करून. म्हणजे कुणी आत्ताच आलं आणि चपला काढून आत गेलं, तशा.

इथली दारं विचित्र. बाहेरून मूठ फिरत नाही. दार लोटलं की किल्लीशिवाय आत येता येत नाही. सासऱ्यांकडे किल्ली नव्हती. म्हणून सासूबाई रात्रंदिवस दाराच्या फटीत लाटणं अडकवून ठेवायच्या. ऐन थंडीत घरातली ऊब जिन्यात जायची. नवरा एका मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासतो. नुसत्या आवाजावरून कुठला दाता झिजलाय ते सांगतो. पण लाटण्यापुढे त्याचं काही चालेना. “अगं आई, हीटिंग...” एवढं म्हणून तो स्वतःच स्वेटर चढवायचा.

त्या घराबाहेर पडेनात. मध्येच हे आले आणि घरी कोणी नसलं तर? पायांवर सूज यायला लागली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या चालायला हवं, सासूबाई म्हणाल्या चालेन की, हे आले की दोघं मिळून चालू. वर्ष भरत आलं तसा नवऱ्याने भीत भीत वर्षश्राद्धाचा विषय काढला. त्या पोळी लाटत होत्या. (लाटणं तेवढ्यापुरतं दारातून काढलं होतं, त्या वेळात दारात पोळीचा डबा असायचा.) त्या शांतपणे म्हणाल्या, “जे गेले त्यांचं करतात रे. हे येतो म्हणून बाहेर पडलेत.” आमची खरी धास्ती तिथून सुरू झाली. ही बाई वाट बघता बघताच संपणार, असं आम्हाला दोघांनाही वाटायला लागलं, आणि आम्ही ते एकमेकांना सांगितलं नाही.

त्यात भर म्हणजे ही भाषा. जर्मनमध्ये ‘हो’ला म्हणतात ‘जा’. दुकानात जा, बसमध्ये जा, फोनवर तर जा जा जा जा. आमची लेक इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं आणि उत्तर जर्मनमधून देते. आजीने विचारलं, “बाळा, भात वाढू?” की ही म्हणणार, “जा, आजी.” सासूबाई दचकायच्या. “काय मेली भाषा,” म्हणायच्या, “हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जा म्हणतात.” त्यांनी स्वतः तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. हो म्हणायचं असलं की त्या ‘गेनाऊ’ म्हणायच्या. गेनाऊ म्हणजे ‘अगदी बरोबर’. आम्ही फोनवरून मागवलेला पाव घेऊन दारात आलेली बेकरीतली मुलगी विचारायची पिशवी हवी का, आणि सासूबाई सांगायच्या, अगदी बरोबर.

आणि चपला फिरायच्या.

मी हे नाटकी करून सांगत नाही. सासूबाई रोज संध्याकाळी त्या आत तोंड करून मांडायच्या, आणि कधी कधी सकाळी दार उघडावं तर चपलांची तोंडं जिन्याकडे. शेजारी शेजारी, नीट, टाचा आमच्या दाराला लावून, जसं काही आतून कुणी आलंय, पाय सरकवणार आणि निघणार. सासूबाई वाकायच्या. पुन्हा फिरवून ठेवायच्या. मला वाटायचं नवरा करतोय, आईला सुचवायला. नवऱ्याला वाटायचं, मी. आम्ही एकमेकांवर पाळत ठेवली आणि दोघंही निर्दोष निघालो. त्यानंतर मला जिन्यात एकटीने जायला आवडेनासं झालं. जिन्यातला दिवा चाहूल लागली की आपोआप पेटतो. तो कधी कधी कोणी नसतानाही पेटायचा, आणि दारावरच्या भिंगातून बघितलं तर उजेडात त्या दोन चपला.

त्याच सुमाराला लेकीने बोलावलं. ती समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवताचा अभ्यास करते, आणि त्या गवतासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या उथळ समुद्रात, तिथल्या मूळ बेटकऱ्यांच्या एका बेटावर काही महिने राहायला गेली होती. फोनवर आजीला म्हणाली, ये ना, बिट्टे, म्हणजे प्लीज. आम्ही श्वास रोखून बसलो. सासूबाई भूगोलाच्या शिक्षिका. नोकरीभर त्यांनी फळ्यावर ऑस्ट्रेलिया काढला होता. वर उजवीकडे निघालेलं ते शिंग काढायचं आणि त्याच्या टोकाशी खडूने चार ठिपके टेकवायचे, बेटं म्हणून. ठिपक्यांवर माणसं राहतात आणि तिथे आपली नात आहे, हे त्यांना भलतंच मजेशीर वाटलं. त्या म्हणाल्या, “येईन. पण ह्यांना दारात ठेवून नाही.”

म्हणून चपला आमच्याबरोबर निघाल्या, कापडी पिशवीत, सासूबाईंच्या मांडीवर.

विमानं लहान होत गेली. फ्रँकफुर्टहून निघालो ते विमान गावाएवढं होतं, मग वाड्यावस्तीएवढी आली, आणि शेवटी आम्ही एका अशा विमानतळावर उतरलो की नवरा म्हणाला, आपल्याकडे एवढी एसटीची शेड असते. पत्र्याचं छप्पर, वर हळूहळू फिरणारे पंखे, एकच दालन, बाहेर आंब्याचं झाड आणि झाडाखाली सामानाच्या ढकलगाड्या. इथून पुढे छोटी विमानं एकेका बेटावर जायची. माणसं बसली होती ती प्रवासाला निघाल्यासारखी नव्हे, तर लग्नघरी बसल्यासारखी: मोठमोठ्या फुलांचे झगे घातलेल्या बायका, मांडीवर झोपलेली पोरं, बर्फाच्या पेट्या, गुंडाळलेल्या चटया, पावाची खोकी, एका माणसाच्या खांद्यावर लहान मुलाची सायकल. भोंगा नव्हता. खिडकीमागची मुलगी बाहेर यायची, ज्याचं विमान त्याच्याकडे बघून भुवया उडवायची, आणि तो उठायचा.

इथे माणसांचं वजन करतात. विमान इतकं छोटं की बॅगेबरोबर तुम्हीही काट्यावर. आम्ही धान्य तोलायच्या काट्यासारख्या त्या फळीवर एकेक करून चढलो. रंगमंचावर मी सिंहासनावर बसलेली बाई; सगळ्या दालनासमोर काट्यावर उभी राहिले तेव्हा कानातले काढू का, असं विचारून बघितलं. मुलगी गालात हसली, आकडा मोठ्याने वाचला नाही. देव तिचं भलं करो.

सासूबाई पिशवी छातीशी धरून चढल्या. मुलगी म्हणाली, पिशवी वेगळी ठेवा. सासूबाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या, “दे आर विथ मी.”

मुलीने त्यांच्या मागे बघितलं. मग दालनात नजर फिरवली. किती जण आहेत, तिने विचारलं, आणि कुठे आहेत ते?

नवऱ्याचा उल्लेख एकवचनी करायचं सासूबाईंना जन्मात जमलेलं नाही. इंग्रजीत तरी कसं जमावं? मी पुढे होऊन सांगणार होते की चपलांबद्दल बोलताहेत, पण थांबले, कारण त्या चपलांबद्दल बोलत नव्हत्या हे मला माहीत होतं. काट्यावर त्या एकट्या उभ्या होत्या. मुलगी दारातल्या उजेडाकडे बघत होती, तिथे कोणी येतंय का म्हणून. आणि मीही वळून बघितलं.

मग मुलीने मान हलवली आणि पिशवीसकट वजन घेतलं.

समुद्रावरून पावसाचा एक काळा पडदा आला आणि विमानं थांबली. बाकावर सासूबाईंच्या शेजारी एक वयस्क बेटकरीण बसली होती, रुंद, सावळी, केसात पांढरं फूल. तिच्या पलीकडे बाकावर, माणसाची जागा अडवून, एक सपाट जड वस्तू ठेवलेली होती. फुलाफुलांच्या नव्या कापडात शिवलेली. पाऊस पत्र्यावर कोसळत होता, त्यामुळे दोघी एकमेकींच्या कानाशी इंग्रजीत बोलत होत्या. मी थोडी झुकूनच बसले. दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हा माझा धर्म आहे.

आधी म्हातारीने विचारलं, बाई, मांडीवर काय सांभाळते आहेस? सासूबाईंनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. मोठा माणूस होता, म्हातारी म्हणाली. मग तिने आपलं सांगितलं. नवरा गेला त्याला दोन पावसाळे झाले. त्यांच्या बेटांवर माणूस पुरतात तेव्हा लगेच दगड लावत नाहीत. पैसाअडका, नातेवाईक, सगळं जमायला वेळ घेतात. मग दगड येतो, तो असा कापडात झाकून उभा करतात, सगळा गोतावळा विमानाने, बोटीने गोळा होतो, कापड काढतात, आणि मग जेवण आणि नाच. मोठा दगड बोटीने पुढे गेला होता. हा वरचा तुकडा, नाव आणि चेहरा कोरलेला, तो तिने कुणाच्या हाती दिला नव्हता. मघाशी त्याचंही वजन झालं होतं.

“नाच?” सासूबाईंनी विचारलं.

मग काय करायचं, म्हातारी म्हणाली. इतके दिवस रडले. त्याचं ताट वाढत होते. खुर्चीत कोणाला बसू देत नव्हते. आता दगड उघडला की संपलं. मग तो जातो.

सासूबाईंनी पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं. पाऊस कमी होत होता. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही त्यांना सांगता? जा म्हणून?”

“दुसरं कोण सांगणार?” म्हातारी म्हणाली. “नवरा माझा.” आणि मग पिशवीकडे हनुवटीने दाखवून, “तुझ्याला कुणी सांगितलं?”

उत्तर द्यायच्या आत खिडकीमागची मुलगी बाहेर आली आणि आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. आम्ही उठलो. सासूबाईंनी पिशवी सावरली, म्हातारीचा हात हातात घेतला, मग वाकून त्या फुलांच्या कापडावर, दगडावर, तळवा ठेवला आणि म्हणाल्या, “येते हं.”

तुम्हाला आम्ही कसले आहोत ते ठाऊक आहे. भेटायला गेलं, निघताना येते. दुकानातून निघताना येते. पण एका घरातून निघताना येते म्हणत नाहीत, आणि ते म्हणजे दुखवट्याचं घर. तिथून न बोलता उठायचं असतं. हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं. त्यांचा हात अजून दगडावर होता. म्हातारीने विचारलं, काय म्हणालीस? आणि शिक्षिकेने, विचारलं की सांगायचं या सवयीने, शब्दाला शब्द देऊन सांगितलं, “आय ॲम कमिंग.”

बोलल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

“त्याच्याकडे?” म्हातारी म्हणाली आणि खो खो हसली. “इतकी घाई नको करू.”

विमानात वैमानिकाने स्वतः आम्हाला बसवलं, वजनं बघून, कोण कुठे ते. मला मागे, नवऱ्याला पुढे. सासूबाईंना मधल्या रांगेत, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवली. तिथे कोणी बसायचं नाही, तो म्हणाला. सासूबाईंनी त्या खुर्चीकडे बघितलं आणि समजल्यासारखी मान डोलावली. मी मागून बघत होते. खिडकीतून येणारं ऊन त्या मोकळ्या खुर्चीवर पडलं होतं आणि विमान वळलं तसं ते हळूच सरकलं, माणूस कूस बदलतो तसं. मी डोळे मिटले आणि उतरेपर्यंत उघडले नाहीत, त्यामुळे खडूचे ठिपके मला दिसले नाहीत. त्यांना दिसले. उतरल्यावर म्हणाल्या, “बरोबर काढत होते मी.” आणि थोडं पुढे गेल्यावर हळूच, “दुखवट्याला येते म्हटलं गं मी.”

बेटावरचे दिवस सुखाचे गेले. लेक गवताचे जुडगे घेऊन समुद्रातून यायची, आजी किनाऱ्याने तिच्याबरोबर चालायची, सूज उतरली. चपला आमच्या खोलीच्या ओसरीवर असायच्या, आत तोंड करून. एका संध्याकाळी वारा फिरला आणि पलीकडच्या बेटावरून ढोल ऐकू यायला लागले, मध्येच हरवायचे, मध्येच अगदी कानाशी. ते त्याच म्हातारीकडचे होते की नाही कोण जाणे. सासूबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. “काढलं असेल कापड,” त्या म्हणाल्या. नंतर जेवल्या नाहीत.

परतताना तोच विमानतळ. पण त्या दिवशी दालनात आम्हीच. पंखे फिरत होते, बाक रिकामा होता, आणि जिथे तो दगड ठेवला होता तिथे पांढरी फुलं वाळून पडली होती. सासूबाई पिशवी घेऊन काट्यावर चढल्या. मुलीने ओळखलं. हसून विचारलं, “दे आर स्टिल विथ यू?” चेष्टा होती. पण सासूबाईंनी इतका वेळ विचार केला की मुलीचं हसू मावळलं, आणि शेवटी काही न बोलताच त्या काट्यावरून खाली उतरल्या.

त्सुफेनहाउझेनला आम्ही संध्याकाळी पोचलो. त्यांनी चपला पुन्हा मांडल्या, आत तोंड करून, आणि दारात लाटणं अडकवलं. दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले, कारण दारावर केरवोखेची पाटी आमची होती. आमच्या भागात जिना झाडायची पाळी आठवड्या-आठवड्याने फिरते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं आपलाच आहे: केर काढायचा आठवडा. आमच्या मजल्यावर दोनच घरं, आम्ही आणि समोरच्या बाई, त्यामुळे एक आठवडा त्यांचा, एक आमचा. तर मी झाडू घेऊन दार उघडलं. चपलांची तोंडं जिन्याकडे होती. आणि त्यांच्याखाली पांढरी वाळू.

वाळू बेटावरची, चपलेच्या शिवणीत अडकलेली असणार. मी झाडून घेतली. पण झाडताना मी चपलांना पाठ केली नाही.

त्या दिवसांत सासूबाई वेगळंच बोलायला लागल्या. भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायच्या, “आपल्याकडे कोण सांगतं गं?” मला आधी कळायचंच नाही. मग कळायला लागलं. त्या बेटावर बायको सांगते. आपल्याकडे तशी सोयच नाही. निघणाऱ्याला आपण जा म्हणत नाही. ‘या’ म्हणतो, आणि तो ‘येतो’ म्हणतो, आणि तो न आला तरी शब्द दारात तसाच राहतो.

पुढच्या आठवड्यात मी ठरवलं, या प्रकरणाचा छडा लावायचा. सकाळी उजाडताच लाटणं काढून दार लोटून घेतलं आणि भिंगाला डोळा लावून उभी राहिले, अंगावर शाल, हातात चहा, अगदी पडदा उघडायची वाट बघणाऱ्या नटीसारखी. जिन्यातला दिवा पेटला. माझ्या हातून चहा सांडला. समोरचं दार उघडलं आणि बाई आल्या, झाडू आणि ओला फडका घेऊन. त्यांनी अंगण सारवावं तसा जिना पुसला. मग आमच्या दाराशी वाकून चपला एकेक करून उचलल्या, खालची फरशी पुसली, आणि चपला परत ठेवल्या. तोंड जिन्याकडे करून. दोन्ही एका रेषेत आणल्या आणि वरून बोटांनी हलकंसं थोपटलं.

“कोण आहे?” माझ्या कानाशी सासूबाई. त्याही चवड्यांवर उभ्या राहून भिंगातून बघायला लागल्या. मी दार उघडलं.

बाई लाल झाल्या. आल्झो, म्हणजे त्याचं काय की, त्या म्हणाल्या, माफ करा, हाताची सवय. त्यांचा नवरा होता तोवर त्या रोज त्याचे बूट असे ठेवायच्या, बाहेर तोंड करून, म्हणजे सकाळी घाईत त्याला वळावं लागायला नको. जिना पुसताना ह्या चपला दिसतात आणि हात आपोआप चालतो. मी हे सगळं सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी हसायला लागले होते, सुटकेने, आणि हसता हसताच बाईंना विचारलं की मागच्या आठवड्यातसुद्धा तुम्हीच ना, आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी?

नाही, बाई म्हणाल्या. मागच्या आठवड्यात पाटी तुमच्या दारावर होती. तुमच्या पाळीत मी कशाला हात लावीन?

मी तेही मराठीत सांगितलं. मग आम्ही तिघी त्या चपलांकडे बघत राहिलो. जिन्यातला दिवा विझला, कारण कोणी हलत नव्हतं.

अंधारात बाईंनीच अदबीने, हलक्या आवाजात विचारलं. भिंतीतून आजींचा आवाज ऐकू येतो, त्या साहेबांशी बोलतात, पण साहेब कधी भेटले नाहीत. मध्ये चपलाही दिसल्या नव्हत्या. मग, साहेब गेले का?

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्या पुढे वाकल्या, दिवा पुन्हा पेटला. चपलांची तोंडं जिन्याकडे होती, आणि त्यांनी त्या फिरवल्या नाहीत. समोरच्या बाईंना जे ऐकू आलं त्यातलं शेवटचं अक्षर तेवढं कळलं, ते त्यांनी उत्तर समजून घेतलं आणि हळहळून मान डोलावली; सगळं ऐकू आलं ते मला, आणि जिन्यात आणखी कोणी असेल तर त्याला.

“अहो,” सासूबाई म्हणाल्या, “जा.”